जमुनाच्या जाळ्याचा खुंटा

मी खुंटा बोलतोय. बाभळीचा. माह्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नका. जन्मभर ज्याच्या डोक्यात दगड पडले, त्याची जीभ अशीच असते.

नत्थुजी भोयानं मले तोडलं, टोक काढलं आन् आपल्या झोपडीत ठोकलं. पूर्णेच्या काठावर भोयांची सात घरं, अकोला तिथून बैलगाडीनं एक दिवस. माह्या मानेत दोर अडकवून नत्थुजी जाळं विणायचा. बायांनी सुतळी वळायची, गाठ मात्र माणसानंच मारायची, असा तिथला कायदा. कोणं केला, विचारू नका. माणसानंच केला असन.

नत्थुजी मेला. मागं बायको पार्बताबाई, पोरगा चंद्रभान आन् त्याची बायको जमुना, सोळा वर्षांची. त्या सालात कापसाले सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापार कुठं लढाई लागली म्हणे, आन् इथल्या लोकाइले येड लागलं. सुतळीसाठी बांधावर लावलेला सन, म्हणजे ताग, उपटून तिथंही कपाशी लावली. चंद्रभान खामगावले कापसाचे गठ्ठे उचलाले गेला. दोन पावसाळे झाले, त्याचा पत्ता नाही.

मग पार्बताबाईनं सुनेचा बाजारही बंद केला.

"तू पळाली त माहा पोरगा कोणासाठी वापस येईन?"

"मी कुठं पळून राहिली, आत्याबाई?"

"पळणारी सांगून जाते का?"

झोपडीले कडी नव्हती, म्हातारीची नजर होती. मी भुईत, जमुना घरात. दोघंही ठोकलेले.

भोयांची मासेमारी पूर्णेच्या डोहात, आन् डोहाचा नियम असा. पाणी निवळलं की एका सकाळी हरेक घरानं आपला खुंटा काठावर ठोकायचा, घरधन्याचं नाव घ्यायचं आन् जाळं टाकायचं. लागोपाठ दोन वर्षं जाळं पडलं नाही, तर काठावरची जागा गेली. यांचं एक वर्ष हुकलंच होतं, जुनं जाळं उंदरांनी खाल्लं होतं. यंदा हुकलं की जागा म्होरक्या शेषरावची. मग खायचं काय?

जमुनानं स्वतःच गाठी माराले घेतल्या. म्हातारी बडबडली, मग आपल्या रिकाम्या पोटाकडं पाहून गप झाली. पोरीचा हात असा चालला की नत्थुजीचाही कधी चालला नसन. विणताना तिची मान ताठ असायची. एरवी नसायची.

पण चुकली. जुन्या फाटक्या तुकड्यावरून तिनं भोकाचं माप घेतलं, बरोबर तीन बोटं. सन पाण्यात आटतो. नत्थुजी कोरड्या सुतळीत चार बोटं ठेवायचा, तेव्हा भिजून तीन राहायची. मले ठाऊक होतं. तोंड असतं त बोंबललो असतो. तिनं जाळं भिजवलं, तर भोकात दोन बोटंही धड जाईनात. असं बारीक जाळं माशांची पिल्लं मारते, डोहात चालत नाही. आन् ओली गाठ उकलत नाही.

आठ दिवस उरले. सुतळी संपलेली, गावात सन नाही. जमुना मले टेकून बसली.

पार्बताबाई आपल्या बाजेवरून उतरली.

"हे उसव."

"आन् तुमी निजसान कुठं?"

"भुईवर. मेल्यावर तिथंच जायाचं आहे."

बाजेची सुतळी जमुनानं उकलली, बारीक वळली, आधी भिजवली, मग विणली. आठव्या सकाळी तिनं मले हलवून हलवून उपटलं आन् डोहाच्या काठी नेऊन ठोकलं.

शेषराव पुढं आला. "घरधन्याचं नाव घे."

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसते, हे त्याले पक्कं ठाऊक. म्हणूनच विचारलं. बाकीचे खिदळले.

जमुनानं जाळ्याच्या भोकातून तीन बोटं घातली आन् त्याच्या नाकासमोर धरली.

"घरधनी जमुना. गाठी पाहून घ्या मामाजी, आन् बाजूले सरा."

त्यानं गाठी पाहिल्या. लई वेळ पाहिल्या. मग सरला.

चंद्रभान आला नाही. जमुना अजून त्याच झोपडीत, त्याच काठावर. सुटली असं खोटं मी सांगणार नाही. पण म्हातारी आता तिच्यावर नजर ठेवत नाही, तिच्याजवळ बसून सुतळी वळते.

माहं बूड कुजलं. पुढचा पावसाळा मी काही पाहत नाही. मले खुशाल चुलीत घाला, तक्रार नाही. फक्त त्या चुलीवरचा मासा जमुनाच्या जाळ्यातला असू द्या.