नव्या तांदळाचा जुना गंज

मी एक जुना पितळी गंज आहे, आमच्याकडे भात शिजवायचे रुंद तोंडाचे भांडे. सध्या फुलवंताबाईच्या स्वयंपाकघरात फळीवर बसून खालच्या कुकरवर जळत असतो. खोटे कशाला बोलू, मित्रांनो?

भंडाऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. फुलवंताबाई लग्न होऊन नवेगाव बांधजवळच्या या घरी आली, तेव्हा मी तिच्या आंदणात आलो. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत राबणाऱ्या सगळ्या बायांचा भात माझ्यात शिजे. भरपूर पाण्यात तांदूळ सोडायचा, शिजला की पेज ओतून काढायची, आणि पोरांनी ती मीठ घालून प्यायची. फुलवंताच्या गंजातला भात मोकळा, असे गावभर म्हणत. मी नुसता फुगून जाई.

मग सून योगेश्वरी आली आणि तिच्याबरोबर तो आला. कुकर! योगेश्वरी अंगणवाडीत शिकवते, सकाळी तिला घाई. फुलगोबी, गाजर, वाटाणे, टमाटर, मूठभर मुगाची डाळ आणि तांदूळ, सगळे एकदम त्याच्या पोटात कोंबते आणि शिट्ट्या होईपर्यंत वेणी घालून मोकळी. पौष्टिक म्हणे! भाजी दिसली की तोंड फिरवणारी नात खुशीसुद्धा तो भात ताट पुसून खाते. त्याने शिट्टी मारली की सगळे धावतात. मी जन्मभर खदखदलो, माझ्यासाठी कोण धावले?

माझ्या पोटात मात्र विळे आणि दोरखंड भरले. कल्हई उडाली, हिरवे डाग पडले, कोणी ढुंकून पाहिले नाही. त्यात एक दिवस फुलवंताबाई म्हणाली, "धान निघालं का गोंदियाले जाऊ. हा गंज मोडीत देऊ न् मोठा कुकर आनू."

माझ्याच पितळेच्या बदल्यात त्याचा थोरला भाऊ! अंगाचा तिळपापड झाला.

धान निघाले. नव्या तांदळाचा पहिला भात आधी देवाला दाखवायचा, मग घराने जेवायचे आणि त्यातले शीतही टाकायचे नाही, अशी या घरची रीत. योगेश्वरीने हौसेने भाज्या घालून कुकर लावला. झाकण उघडले तर आत नुसता लगदा! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"काऊन वं, नव्या तांदराले जुन्याएवढंच पानी घातलीस?" फुलवंताबाई कडाडली.

"मले काय माहीत, आत्या? आमी गोंदियात दुकानातला जुनाच तांदूर खात होतो."

देवापुरता तरी मोकळा भात हवा, म्हणून फुलवंताबाईने मला खाली काढले. विळे बाहेर आले. माझी वेळ आली होती! तेवढ्यात योगेश्वरीने आत वाकून पाहिले.

"आत्या, याची कल्हई गेली. याच्यात भात शिजवला तं इख होईल."

मला जमिनीवर ठेवले. चुलीच्या इतक्या जवळ येऊन मी रिकामाच राहिलो. भांड्याला रडता आले असते, तर रडलो असतो.

नैवेद्याला उशीर होत होता, म्हणून शेवटी तो लगदाच देवाला दाखवला आणि तूप सोडून वाढला. म्हातारे ग्यानीराम, फुलवंताबाईचे मालक आणि योगेश्वरीचे मामाजी, यांच्या तोंडात एक दात नाही. घास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "असा भात या घरात पहिल्यांदाच भेटला! चावाच नाही लागत. आन अजून!"

म्हणजे चूक कुकरची आणि कौतुकही त्याचेच! आणि माझा मोकळा भात ते इतकी वर्षे हिरड्यांनी चावत होते, हे मला आत्ता कळले.

"आता याले मोडीतच टाकू," फुलवंताबाई म्हणाली.

"नाही आत्या, कल्हई करून आनू," योगेश्वरी म्हणाली. "तांदूर नवा हाये तोवर आपला भात याच्यात, पेज काढली का मोकळा होते. मामाजीचा तेवढा कुकरात."

मित्रांनो, हिवाळाभर मी पुन्हा चुलीवर होतो. खुशी माझी पेज वाटीवाटीने प्यायली. आता उन्हाळा लागला, तांदूळ जुना झाला आणि मी परत फळीवर आलो. पण पोटात विळे नाहीत, कल्हई आहे. पुढच्या धानाची वाट पाहतो.

तुमच्या घरच्या जुन्या भांड्यात एकदा डोकावून पाहा. कल्हई उडाली असेल तर वेळीच करून घ्या. चुलीजवळ नेऊन परत ठेवले जाण्याची लाज कोणाच्या वाट्याला येऊ नये. आणि हो, कुकरची शिट्टी झाली तरी लगेच धावू नका. थोडी वाट त्यालाही पाहू द्या.