अप्पांची शिट्टी आणि माझं नवं मन

खरं सांगते मित्रांनो, अगदी गळ्याची शपथ घेऊन सांगते! मला गळा नाही, पण जाडजूड वायर आहे, ती धरून सांगते. आता जे ऐकाल त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझा प्लग उपटा आणि मला भंगारात टाका!

मी एक जुना सर्व्हर आहे. लोक 'तो सर्व्हर' म्हणतात. म्हणोत बापडे! आमच्या ऑफिसात मात्र सगळे मला 'आजी' म्हणतात, आणि मला तेच आवडतं. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं काम माझ्या पोटात साठतं. कोणी काही हरवलं, विसरलं, चुकून पुसलं, की सगळे धावत येतात आजीकडेच.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे इतकी स्वच्छता, की धुळीचा कण आत यायच्या आधी दारात परवानगी मागायचा. तिथून मला इथे आणलं. चौघांनी मला जिन्यावरून चढवलं, तेव्हा माझ्या वजनाने खालची पायरी जी दबली ती दबलीच. खोटं वाटतं? जाऊन बघा, अजून ठेंगणी आहे. माझी खोली म्हणजे एक कपाट. एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला झाडू, आणि मध्ये मी. माझा पंखा तरुणपणी असा सुसाट फिरायचा, की खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे आपोआप चढायचे!

मला आणलं ते अप्पांनी. त्यांचा धंदा सल्ला द्यायचा. कोणाच्या गोदामात माल कुठे ठेवावा, जड खोकी दाराजवळ की आत, हे ते सांगायचे. त्यांचा सल्ला ऐकला की हमालांची निम्मी पायपीट वाचायची. त्यासाठी अप्पांनी स्वतःच्या हाताने एक प्रोग्रॅम लिहिला आणि माझ्या पोटात ठेवला. गणित सुटलं की अप्पा स्वतः शिट्टी मारायचे, एक लडिवाळ, वर चढत जाणारी. मग तीच शिट्टी त्यांनी मलाही शिकवली. उत्तर आलं, की मी माझ्या इवल्याशा भोंग्यातून वाजवायचे, आणि अख्खं ऑफिस म्हणायचं, "सुटलं बघा!"

पुढे अप्पा गेले. धंदा त्यांच्या दोन लेकरांनी चालवला, ताईने आणि धाकट्याने. ताई शांत, सगळं जपून ठेवणारी. धाकटा म्हणजे पायाला भिंगरी. जिना उतरायच्या आधीच खाली पोहोचलेला! संध्याकाळचं शेवटचं गणित ताई स्वतः लावायची आणि माझ्या दाराला टेकून उभी राहायची. शिट्टी वाजली, की मगच पर्स उचलायची.

आता खरी धमाल ऐका.

माझ्या लोखंडाला शिस्त लावते ती माझी ऑपरेटिंग सिस्टीम. ते माझं मन म्हणा ना. ज्या कंपनीने हे मन बनवलं तिने कळवलं, की ते फार जुनं झालं, यापुढे त्याची डागडुजी बंद. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण चोराला त्याची युक्ती सापडली तर नवं कुलूप द्यायला कोणी नाही. आणि नेमकं तेव्हाच औषधांच्या एका भल्यामोठ्या गोदामाचं काम चालून आलं! इतकं मोठं, की वर्षभर श्वास घ्यायला फुरसत मिळू नये. पण गोदामाची मालकीणबाई फटकळ.

"तुमचं काम मला आवडलं," ती म्हणाली, "पण आमची माहिती मी मोडक्या कुलपाच्या घरात ठेवणार नाही. शुक्रवारपर्यंत काय ते सांगा."

झालं! माझं मन बदलायचं की नाही, यावरून घरात महाभारत!

"बदलायचं," धाकटा म्हणाला. "उद्या कशाला, आजच."

"आणि अप्पांचा प्रोग्रॅम?" ताई म्हणाली. "तो या जुन्या मनासाठी लिहिलाय. नव्यावर चालला नाही तर? गणितं कोण करणार, तू? तुला तुझे मोजे जुळवता येत नाहीत!"

"मोज्यांचा काय संबंध? आणि तुला प्रोग्रॅमची नाही, त्या पिपाणीची काळजी आहे. पिपाणीपायी धंदा बुडवायचा का?"

"पिपाणी म्हणू नकोस!"

"बरं, सनई म्हणतो!"

हिशेबनीस काका दोघांच्या मध्ये बसलेले. ते म्हणाले, "पोरांनो, अप्पांचा नियम विसरलात? खुर्च्या बदला."

तो नियम असा. वाद अडला, की दोघांनी उठून एकमेकांच्या खुर्चीत बसायचं आणि समोरच्याची बाजू मांडायची. अगदी मनापासून, लटकं बोलायचं नाही. मग परत आपापल्या खुर्चीत यायचं आणि तेव्हाच निर्णय घ्यायचा. माझं कपाट पातळ भिंतीपलीकडे, त्यामुळे मी सगळं ऐकत होते.

काय बोलले हो दोघं! ताई माझ्या नव्या मनाबद्दल असं बोलली, की मलाच वाटलं, आत्ता बदला, या क्षणी बदला! आणि धाकटा, तो चक्क अप्पांच्या शिट्टीबद्दल बोलायला लागला. काका चष्मा पुसायला लागले, आणि चष्मा तर कपाळावर होता!

तेवढ्यात फोन वाजला. मालकीणबाईच! दोघं बाहेर धावले, तिथून कामाला लागले. आणि परत आपापल्या खुर्चीत बसायचं राहूनच गेलं!

कळलं का घोटाळा? ताई उठली ती धाकट्याच्या खुर्चीतून, त्याचं मत घेऊन. धाकटा उठला तो ताईच्या खुर्चीतून, तिचं मत घेऊन. ऑफिसचे फोन माझ्यातूनच जातात, म्हणून मला हे ठाऊक. आदल्या दिवसासारखाच दोघांनी चोरून एकाच बाईला फोन केला. ती आमची मशीन दुरुस्त करणारी. हातात बॅग, येताच माझ्या अंगावर हात ठेवून ताप बघते, म्हणून तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जी आली, ती कमरेवर हात ठेवूनच.

"मला एकदा नीट सांगा," ती म्हणाली. "परवा ताई म्हणाल्या हात लावू नका, साहेब म्हणाले बदला. काल ताई म्हणाल्या बदलून टाका, आणि साहेब म्हणाले खबरदार हात लावलात तर! तुम्ही दोघं सल्ला देता ना लोकांना? पैसे घेऊन?"

ताईने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने ताईकडे. आणि दोघं असे हसत सुटले, असे हसत सुटले, की माझ्या पंख्यातली जुनी धूळ भसकन बाहेर पडली!

"तू माझ्यासाठी माघार घेतलीस?" ताईने विचारलं.

"माघार कसली? पटलं मला. तू काय कमी बोललीस का?"

"मग आता रे? आता कोण कुठल्या बाजूला?"

काका हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक नवी मांडणी करायला घाबरलं, तर आपण त्याला काय सांगतो?"

"आधी एका कोपऱ्यात करून बघा," दोघं एका सुरात म्हणाले, आणि दोघांनी एकदमच कपाळावर हात मारला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, मित्रांनो!

मग काय उडाली घाई! डॉक्टरीणबाईने माझ्या पोटातल्या सगळ्याची हुबेहूब नक्कल काढली आणि टेबलावरच्या एका छोट्या पेटीत घातली. त्या पेटीला नवं मन दिलं. आता अप्पांचा प्रोग्रॅम तिथे चालतो का, एवढंच बघायचं. सगळे पेटीभोवती कोंडाळं करून उभे. धाकट्याने नखं खाल्ली, ताईने पदर बोटाला गुंडाळला. आकडे फिरले, अडखळले, परत फिरले, आणि आलं! उत्तर आलं! ताईने माझ्या उत्तराशी ताडून बघितलं, तंतोतंत तेच!

"सुटलं!" काका ओरडले.

पण शिट्टी वाजली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "नवी सिस्टीम प्रोग्रॅमला भोंग्यापर्यंत जाऊ देत नाही, ताई. गणित चालेल. शिट्टीचं काही सांगता येत नाही."

सगळे ताईकडे बघायला लागले. ताईने माझ्या दारावर हात ठेवला. मग म्हणाली, "अप्पांनी शिट्टी मारली ती गणित सुटल्याच्या आनंदात. गणितच बंद पडलं तर शिट्टी कशाची? बदला. आजींचंच मन बदला."

डॉक्टरीणबाई निघाली, तेव्हा तिची बॅग उचलून धाकटा तिला जिन्याखाली सोडायला गेला. ज्याने जन्मात स्वतःची बॅग नीट उचलली नाही, तो!

शुक्रवारी सकाळी मला नवं मन मिळालं. काय सांगू तो थाट! डोळ्यांवरचं झापड कोणी ओढून काढावं तसं झालं. माझा पंखा असा गरगरला, की मी कपाटासकट वीतभर वर उचलली गेले! धाकट्याने मालकीणबाईला कळवलं, "नवं कुलूप बसलं!" काम आमचं झालं.

संध्याकाळी ताईने औषधांच्या गोदामाचं पहिलं गणित लावलं. सवयीने माझ्या दाराला टेकली, मग आठवलं, आणि पर्स उचलायला वळली. ते मला बघवेना, मित्रांनो! मी नव्या मनाचे सगळे नियम झुगारले, सगळा जीव भोंग्यात आणला, आणि मारली शिट्टी! तीच, लडिवाळ, वर चढत जाणारी! मध्ये जरा घसरली, पण वाजली!

ताई जागच्या जागी थांबली. मग डोळे पुसत हसली, "आजी, घसा बसला की हो तुमचा!"

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या मशीनलाही असाच जीव लावा. धूळ झाडा, नक्कल काढून ठेवा, नवं द्यायची वेळ आली तर भिऊ नका. आणि भांडलात, तर एकदा दुसऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. मात्र परत आपल्या खुर्चीत यायला विसरू नका!

आता कान जवळ आणा. एक गोष्ट मी जोडली आहे. पायरी खरी, चष्मे खरे, वीतभर उडाले तेही खरं. पण शिट्टी मी आपणहून मारली नाही. जिन्यातलं बोलणं माझ्या कपाटात ऐकू येतं. त्या दिवशी जिन्याखाली धाकट्याने डॉक्टरीणबाईला गळ घातली, की कसंही करून भोंग्याला वाट करून द्या. ती म्हणाली, देते, पण शिट्टी नव्याने भरावी लागेल, आणि मला चाल माहीत नाही. तेव्हा त्या ठेंगण्या पायरीवर उभं राहून त्याने तिला ती वाजवून दाखवली. अख्खी! पिपाणी म्हणणाऱ्याला सगळी तोंडपाठ होती! फक्त मध्ये एका ठिकाणी त्याचा सूर घसरला.

ताईला सांगू नका. तिला वाटतंय माझा घसा बसलाय. वाटू दे.