शेपटीवरचा गरुड

डोकं फिरलं माझं, आणि का फिरू नये? घरी जोडलेलं विमान, त्यात बसणार माझा नवरा, आणि त्याच्या शेपटीवर हा एवढा मोठा गरुड!

गरुड काढला आमच्या थोरल्या दिरांनी, पोपटदादांनी. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना हाय. मूर्तीचे डोळे आखावेत तर त्यांनीच, ते मी कधी नाकारणार नाय. पण गणपती उडत नाय ना!

विमानाचे सुटे भाग खोक्यांतनं आले होते. आमचे मालक, दिनानाथ, नागोठण्याला कंपनीत फिटर. शिफ्ट सुटली की जिते गावातल्या आमच्या शेडमध्ये जुळवाजुळव करत बसायचे. शेपटी जोडून झाली तेव्हा मला हाक मारली होती, "चंद्रा, ये, गंमत बघ." शेपटीला मागे एक हलती फळी असते, तिच्यावर विमानाचं नाक वरखाली होतं. तिची दांडी सोडवून त्यांनी हात काढून घेतला. फळी तराजूच्या दांडीसारखी आडवी राहिली. "अशीच राहायला पायजे," म्हणाले. "मागनं जड झाली तर वेगात थरथरायला लागेल आणि शेपटीच तोडून टाकेल." तपासायला आलेले साहेबही तेच बघून, पास करून गेले.

आणि त्यानंतर त्याच फळीवर दादांनी हात चालवला. पुट्टीचे थर, घासकाम, रंग, वर सोनेरी, त्याच्यावर वार्निश. उद्या सकाळी खाडीकडच्या सुक्या माळावरनं पहिलं उड्डाण ठरलेलं.

मी दादांच्या समोरच म्हटलं, "दांडी सोडवा."

"आत्ता कशाला?" मालक म्हणाले.

"सोडवा म्हणते ना!"

दांडी निघाली आणि फळी धाडकन खाली गेली.

दादा हसायला लागले. "गप गो! देवाला लावतो तोच रंग हाय. एवढ्याशा पुट्टीनं विमान पडतं व्हय? फार तर पुढे शिसं लाव थोडं."

"परत आपल्या मनाचंच! हे काय मखर हाय, इथे कमी पडलं तर तिथे चिकटवा?" मी मालकांकडे वळले. "अवो, तुम्ही तरी सांगा त्यांना!"

ते नटबोल्टच्या डब्यात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला म्हायती हाय. परवाच सोडवून बघितली होती."

"आणि तरी बसणार होता?"

"दादानं एवढ्या हौसेनं काढला..."

अंगाची लाही लाही झाली माझी. "म्हणजे मेलात तरी चालेल, पण दादांना नाय म्हणायचं नाय! तुमच्या भिडेपायी मी कुंकू पुसून बसायचं व्हय?" तोंडाला येईल ते बोलले. जित्याच्या स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

दादांचं हसू कधीच गेलं होतं. "दिन्या," ते म्हणाले, "म्हायती असून गप्प बसलास? गाढवा, तोंड नव्हतं तुला?" त्यांनी खरवडायची पत्री उचलली आणि आधी गरुडाचा डोळाच काढला. मग चोच, मग पंख. शिव्या देत होते, भावाला की स्वतःला कोण जाणे, आणि बाहीनं डोळे पुसत होते. मूळची पांढरी फळी दिसेपर्यंत थांबले नाहीत. संध्याकाळी मालकांनी हात काढून घेतला तेव्हा ती पुन्हा आडवी राहिली.

"घे. उडव उद्या," दादा म्हणाले.

"उद्या नाय," मी म्हटलं. "साहेबांना परत दाखवल्याबिगर कोण बसणार नाय त्यात."

कोणी वाद घातला नाही. दादा ब्रश आवरता आवरता थबकले. "दिन्या, बाबांचं नाव तरी लिहू का रे? बारीक अक्षरात. शेपटीवर शोभेल."

बाबांचं नाव म्हटल्यावर मालकांचा चेहराच बदलला. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे, आणि घसा खाकरला.

"शेपटीवर नाय, दादा."

दादांनी मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं. मी अजून चिडलेलीच होते, पण चहा ठेवायला वळले.