ट्रेगार्थनविरुद्ध ट्रेगार्थन

एअर कमोडोर ॲम्ब्रोज ट्रेगार्थन स्वतःच्याच पुस्तकाशी वाद घालून हरले, तेही ब्रिटिश हवाई दलाच्या स्टाफ कॉलेजच्या भरल्या वर्गात.

पुस्तक बरंच जुनं. बॉम्बफेकी विमानांना सोबतीला लढाऊ विमानं लागत नाहीत, उंची आणि वेग पुरे, असं त्यांनी त्यातल्या एका प्रकरणात ठासून लिहिलं होतं. तेव्हा ते खरंही होतं. पण आता १९३८ साल होतं. नवी लढाऊ विमानं बॉम्बफेक्यांना सहज गाठत होती. युद्ध दाराशी आलेलं, आणि समोर बसलेले हे अधिकारी उद्या त्याच प्रकरणाच्या भरवशावर वैमानिकांना एकटं धाडणार होते.

"हे प्रकरण चुकीचं आहे," ट्रेगार्थन म्हणाले.

"माफ करा सर, पण आपणच म्हणता..." स्क्वाड्रन लीडर पॅस्को अदबीने उठला आणि त्याने अख्खा परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. वर्गाने बाकं वाजवली.

घरी त्यांच्या बायकोला, हेस्टरला, हसू आवरेना. "मग जिंकलं कोण म्हणायचं?"

"दात काढू नकोस. देव करून ठेवलाय त्यांनी माझा."

"मग विदूषक हो की!"

नाताळआधी कॉलेजात विद्यार्थी नाटुकलं बसवत. त्या संध्याकाळी कुणीही कुणाची टर उडवावी, सकाळी राग धरायचा नाही. वरिष्ठांनी पुढच्या रांगेत बसून निमूट सोसायचं, असा रिवाज. त्या वर्षी मात्र ट्रेगार्थन बॉम्बफेकी विमान बनून थेट रंगमंचावर आले: पोटाला उशी, खांद्यांना पुठ्ठ्याचे पंख, तोंडात स्वतःचाच परिच्छेद. ते संथपणे डुलत 'बर्लिन'कडे निघाले. लढाऊ विमान झालेला पॅस्को केरसुणी घेऊन मागे लागला. पहिल्या फटक्याला सभागृह हसून लोटपोट झालं. दुसऱ्यालाही. तिसऱ्या फटक्यानंतर पॅस्को स्वतः हसायचा थांबला.

सकाळी तो वर्गात उभा राहिला. "सर, काल मी आपल्याला तीनदा पाडलं. साधी धापही लागली नाही."

"मग?"

"प्रकरण चुकलंय, सर."



"सिद्ध करा," ट्रेगार्थन कोरडेपणाने म्हणाले आणि खडू त्याच्या हातात देऊन मागच्या बाकावर जाऊन बसले.

पॅस्कोने दोन्ही विमानांचे वेग मांडले. तिसऱ्या ओळीला कुणीतरी ओरडलं, "अरे, इंधन विसरलास! लढाऊ विमानं सोबत देशील, पण अर्ध्या वाटेवरून परततील ती!" दुसरा फळ्याकडे धावला. तिसऱ्याने त्याच्या हातून खडू हिसकावला.

"माझं जरा ऐका," ट्रेगार्थन उठत म्हणाले.

"थांबा हो सर," मागे वळूनही न बघता पॅस्को म्हणाला.

ट्रेगार्थन मुकाट्याने खाली बसले. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.