चाल गुरुदासची होती

मित्रांनो, माझ्या लाल रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि खाऱ्या हवेने माझ्या खुंट्या गंजल्या आहेत. तरी मी अजून वाजते. मी शिरोड्याच्या इनास फर्नांडिसची जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. माझं कौतुक पुष्कळ झालं. पण आज जे सांगणार आहे, ते सांगताना मला लाज वाटते.

गोव्यातल्या एका कारागिराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. इनास, मंगेश आणि गुरुदास या मित्रांनी 'खारो वारो' हा रॉक बँड काढला, तेव्हापासून मी इनासच्या गळ्यात आहे. गुरुदास ड्रम वाजवायचा. त्याला मुलगी झाली, त्या आठवड्यात त्याने मला मांडीवर घेतलं आणि तिच्यासाठी एक चाल बसवली. इनास शेजारी बसून ऐकत होता.

पुढे बँडची कॅसेट निघाली. त्या गाण्याखाली संगीतकार म्हणून इनासचं नाव होतं. गुरुदासने एकदाच विचारलं. छपाईत चूक झाली, पुढच्या वेळी सुधारू, असं इनासने सांगितलं. पुढची वेळ आलीच नाही. गुरुदास बँड सोडून जामसंड्याला शिक्षक झाला.

तेच गाणं गाजलं. जत्रेत, चर्चच्या फेस्ताला लोक तेच मागायचे आणि मी ते ऐटीत वाजवायचे. मला तोंड नव्हतं, ही सबब मी देणार नाही. मला टाळ्या आवडत होत्या.

मग बँड थांबला. कित्येक वर्षं मी खिळ्याला लटकून होते. यंदा मंगेशने हट्ट धरला, म्हातारपणी एक शेवटचा अल्बम करू. त्याच्या घरामागच्या स्टुडिओत काम सुरू झालं. पण त्या गाण्यापाशी सगळं अडलं. संधिवाताने इनासची बोटं वळेनात. मंगेशने गुरुदासला बोलावून घेतलं. त्याला गाडीतून घेऊन त्याची मुलगी नम्रता आली.

गुरुदासने माझ्यावर ती चाल वाजवली. एकही सूर चुकला नाही. इतक्या वर्षांनी बरी आठवते, असं मंगेश म्हणाला, तेव्हा नम्रता शांतपणे बोलू लागली. शाळेत तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, हे गाणं माझ्या बाबांनी माझ्यासाठी केलंय. कुणीतरी कॅसेट आणून त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. तेव्हापासून वर्गात तिला खोटारडी म्हणू लागले. त्यानंतर बाबांनी घरात ती चाल कधी गुणगुणली नाही.

इनासची मान खाली गेली. माझ्या तारांनाही पुढचा सूर काढावासा वाटेना.

"तुझो बापूस खोटां बोललो नाय," तो म्हणाला. "चाल तेचीच. मी चोरलंय."

"ह्यां माका ठावक आसा," नम्रता म्हणाली. "लोकांका सांगा."

इनास मायक्रोफोनसमोर उभा राहिला आणि गाण्याआधी त्याने तेच सांगितलं. बोलताना त्याचा आवाज फाटला. मंगेशने पुन्हा घेऊ या का विचारलं, पण गुरुदासने नको म्हटलं. अल्बममध्ये ते बोलणं तसंच आहे. निघताना इनासने पुढे केलेला हात मात्र गुरुदासने घेतला नाही.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना पुसत जा, आमच्या तारा बदलत जा. पण आमच्यावर कुणाची चाल वाजवलीत, तर त्याचं नाव त्याच दिवशी घ्या. गुरुदासचं नाव आता छापलं गेलं आहे. पण वर्गात एकटी पडलेली ती लहान मुलगी काही ते वाचायला येणार नाही.