पार्किंगच्या खालची नदी

सहलीची बस चालवण्यात ज्याची एकोणीस वर्षं गेली, त्याला त्याच सहलीच्या जागी बायकोला नेताना दरदरून घाम फुटावा, याला काय म्हणायचं? ड्रायव्हरकाकांना फुटला होता खरा. निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच काकूंनी फर्मान काढलं, "पुष्कळ ऐकलं तुमच्या त्या नदीबद्दल. आता दाखवा."

गोम अशी, की काकांनी ती नदी कधी बघितलीच नव्हती.

बस उभी राहायची वर, पार्किंगमध्ये. नदीकाठची बाग आणि वाळू खाली, दाट झाडीआड, साठएक पायऱ्या उतरून. बस सोडून हलायचं नाही, हा मालकाचा नियम. त्यात लोकांच्या पिशव्या, मोबाइल, पोरांच्या चपला, एकदा तर एका आजोबांची कवळी, सगळं काकांच्या हवाली. त्यामुळे पार्किंग त्यांना तोंडपाठ होतं. अकरा वाजता सावली कुठल्या झाडाची घ्यायची, कुठल्या नळाला गार पाणी येतं, सगळं. नदीचा मात्र वारा तेवढा वर यायचा, आणि लोकांचं खिदळणं.

मग थापा कशाला मारल्या? अहो, घरी काकू होत्या ना. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, काकूंना तासभर बाहेर पडायची चोरी. पहिल्या सहलीहून काका परतले, तेव्हा सासूबाईंचे पाय चोळता चोळता काकूंनी विचारलं, "कशी आहे हो नदी?" वर बसमध्ये घोरत पडलो होतो, हे सांगायला काकांची जीभ रेटेना. दिलं ठोकून. पांढरीशुभ्र वाळू, लाकडी पूल आणि नावाडीमामा. मामा तर फारच झकास जमला. स्वतःच्या वल्ह्याशी भांडायचा, वारा सुटला की दोन्ही कान धरून बसायचा, गिऱ्हाईक नावेत चढण्याआधी त्याचं वजन सांगून त्याला चारचौघांत लाजवायचा. सासूबाई पडल्या पडल्या खुदुखुदु हसल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू. घरात दोन बायका हसतायत म्हटल्यावर कुठला माणूस खरं बोलेल? दर सहलीला मामाचा नवा किस्सा ठरलेला. मामाचं लग्न झालं, मामाला मुलगी झाली. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, त्या मामाच्या मुलीचा शाळेचा निकाल लागला का, हे विचारून.

आज हे सगळं उघडं पडणार होतं. काकू रागावतील, बोलतील, त्याचं काकांना काही नव्हतं. पण त्या सगळ्या संध्याकाळीच खोट्या होत्या असं तिला वाटलं तर? त्यांच्या संसारातलं हसू सगळं तिथंच तर होतं.

जाताना बसमध्ये काका प्रवासी म्हणून बसले, तरी प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. काकूंनी पिशवीतून तपकिरी लोकरीची टोपी काढली.

"मामासाठी. कान झाकतील बिचाऱ्याचे. पंधरा दिवस विणतेय, तुम्हाला दिसलं नाही?"

काका घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागले.

पार्किंगमधून ते मोठ्या रुबाबात डावीकडे वळले आणि दोघं थेट स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीला जाऊन भिडली.

"भिंत नवीन दिसतेय," काका म्हणाले.

"शेवाळ धरलंय तिला," काकू म्हणाल्या आणि स्वतःच पाटी वाचून वाट शोधली.

खाली उतरल्यावर आधी काकाच थबकले. केवढी नदी ती. रुंद, हिरवट, कुठं जायची घाई नसल्यासारखी संथ. वाळू पांढरी नव्हती, भुरकट होती, पण पायाला अशी मऊ लागत होती की काकांनी न सांगता चपला काढल्या. दूर एक बाई छत्रीखाली बाळाला निजवत होती. एक म्हातारबुवा गळ टाकून बसले होते. बाकी सगळं शांत.

"पूल कुठाय?"

"वाहून गेला असेल."

"आणि मामा?"

मामा वारला म्हणून सांगावं, असं काकांच्या मनात येऊन गेलं. पण मग काकू रडल्या असत्या, आणि नसलेल्या माणसासाठी तिला रडवायचं म्हणजे फारच झालं. तेवढ्यात काकूंना गळवाले म्हातारबुवा दिसले.

"हेच ना हो? किती थकले." टोपी हातात घेऊन त्या निघाल्यासुद्धा.

परक्या माणसासमोर तिचं हसं होणार, हे मात्र काकांना बघवेना. त्यांनी तिचा हात धरला.

"थांब. मामा नाहीये. कधीच नव्हता. मी इथं आज पहिल्यांदा उतरलोय."

"म्हणजे त्याची मुलगी?"

"तीही नाही."

काकू मटकन वाळूत बसल्या. काका समोर उभे, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"एकोणीस वर्षांत," काकू हळूच म्हणाल्या, "खाली चला म्हणून तुम्हाला एकानंही विचारलं नाही?"

काकांनी बोलणी खायची तयारी केली होती, याची नव्हती. "अगं, बस सोडता येत नाही."

"एकानंही नाही?" आता त्यांचा आवाज कापत होता. "एवढी माणसं इथं हुंदडत होती, आणि तुम्ही वर चपला राखत बसलात. आणि घरी येऊन आम्हाला हसवलंत." त्यांनी डोळे पुसले आणि हातातली टोपी काकांच्या डोक्यावर पार कानांपर्यंत ओढली. "राग आलाय मला. तो घरी जाऊन काढीन. आता पाण्यात चला."

मग दोघं गुडघाभर पाण्यात गेली. काकूंनी काकांच्या अंगावर पाणी उडवलं, काकांनी उडवायच्या नादात स्वतःच बसकण मारली. गळवाले म्हातारबुवा मासे पळाले म्हणून ओरडले, तर काकू त्यांनाही हसल्या. डबा खाल्ला, दोघं झाडाखाली आडवी झाली, काका मनसोक्त घोरले.

दुपारी शाळेची सहल आली. पोरं कलकलाट करत पाण्याकडे धावली. काकूंनी त्यांच्या बाईंना गाठलं.

"तुमचे ड्रायव्हर कुठायत?"

"वर, बसमध्ये."

काकू ओल्या कपड्यांनी तशाच साठ पायऱ्या चढल्या, काका धापा टाकत मागे. ड्रायव्हर तिशीतला, सीटवर रेलून जांभया देत होता. काकूंनी काचेवर टकटक केलं.

"भाऊ, खाली जाऊन नदी बघून ये."

"बस सोडता येत नाही, काकू."

"बस आम्ही राखतो. यांचा जन्म त्यातच गेलाय."

ड्रायव्हरने काकांकडे पाहिलं.

"हँडब्रेक लावलायस?" काकांनी विचारलं.

"लावलाय."

"मग पळ."

तो आधी रेंगाळला, मग दोन दोन पायऱ्या एकदम उतरत गेला. अर्ध्या तासाने आला तो पँट गुडघ्यापर्यंत भिजवून, तोंडभर हसत.

"घरी कोण आहे रे?" काकूंनी विचारलं.

"बायको. आणि बाबा, पडून असतात ते. तिला घर सोडता येत नाही."

काकूंनी एकदा काकांकडे बघितलं.

"रविवारी तिला इथं घेऊन ये," त्या म्हणाल्या. "बाबांपाशी आम्ही बसू. ह्यांना गोष्टी फार छान सांगता येतात."