कपाटात जन्मलेल्या आवाजाची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना, कामावरून काढून टाकलेला आवाज आहे. मला चेहरा नाही, पण राग भरपूर आहे, आणि तो आज मी गिळणार नाही.

माझा जन्म बल्गेरियात, डॅन्यूब नदीकाठच्या रुसे शहरात, एका कपड्यांच्या कपाटात झाला. व्हेसेला आणि तिचा नवरा क्रुम घरीच व्हिडिओ गेम बनवत. त्यांच्या खेळातला नावाडी हरवलेल्या भावाला शोधत नदीभर फिरतो. खेळाचे आधीचे भाग लोकांच्या हाती गेले होते, शेवटचा तेवढा बनवायचा होता. अशात एक दिवस शेजारचे मेतोदीकाका येऊन बसले. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही.

"पोरी, पडद्यावर लिहिलेलं मला कोण वाचून दाखवणार? बायको वाचते, पण निम्म्यात डुलक्या काढते," ते म्हणाले.

खेळ चालायचा ते यंत्र एका मोठ्या कंपनीचं. त्यात वाचून दाखवणारे आवाज होते, पण बल्गेरियन बोलणारा एकही नव्हता. आता शेवटचा भाग आणि आवाज, दोन्ही करण्याइतकं बळ दोन माणसांत कुठलं? म्हणून राजधानी सोफियात भरलेल्या, खेळ बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात व्हेसेलानं कंपनीच्या माणसालाच गाठलं.

"आमच्या भाषेचा आवाज तुम्ही आणताय का? आणत असाल तर मी कशाला जीव काढू?"

"पुढच्या योजनांबद्दल आम्ही बोलत नाही," तो गोड हसून म्हणाला.

"अहो, काय शिजतंय ते नका सांगू," क्रुम तडकला. "पण पान वाढणार आहात की नाही, तेवढं तरी बोला! नाहीतर आम्ही आमची चूल पेटवतो."

तो नुसता पुन्हा हसला.

"आणणार असते तर हो म्हणाले असते," परतताना व्हेसेला म्हणाली. तिनं शेवटचा भाग बाजूला ठेवला आणि मला घडवायला घेतलं. तिथंच घात झाला.

क्रुम कपाटात थंडीच्या कोटांमध्ये बसून, दार लावून, माइकपुढे शब्द वाचत बसे. बाहेर गॅलरीगॅलरीत लाल मिरच्या भाजणं चाललेलं असे. खमंग धूर फटीतून आत आला की तो शिंके आणि सगळं पहिल्यापासून. ते तुकडे जोडून व्हेसेला मला बोलायला शिकवी. दोन वर्षं गेली तेव्हा कुठे मी नीट बोलू लागलो.

"अरे, हा तर क्रुमच! सर्दी झालेला क्रुम!" मेतोदीकाका पहिल्याच दिवशी ओरडले. मग वार्ना, प्लेव्हेन, कुठून कुठून न दिसणाऱ्या खेळाडूंचे निरोप आले. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू?

महिनाही झाला नसेल. यंत्रात कंपनीचा नवा बदल आला. त्याबरोबर त्यांचा स्वतःचा बल्गेरियन आवाज आला आणि बाहेरच्या आवाजांना दार बंद झालं. मी वाक्याच्या मध्येच मुका झालो. 'तीन वर्षं खपून आम्ही हा आवाज घडवला,' असं कंपनीनं मोठ्या अभिमानानं जाहीर केलं. म्हणजे सोफियात तो हसत होता, तेव्हा काम सुरूच होतं!

व्हेसेला रडली नाही. तिनं टेबलावर अशी मूठ आपटली की न्याहारीच्या बानित्साची ताटली खाली पडून फुटली. "हो म्हणायला त्याची जीभ झडली असती का?"

घरातली शिल्लक तोवर संपली होती. क्रुम जाहिरातींच्या पाट्या रंगवायच्या नोकरीला लागला. शेवटचा भाग राहिला तो राहिलाच. मी व्हेसेलाच्या संगणकात पडून सगळं ऐकतो.

नवा आवाज माझ्याहून चांगला आहे. स्पष्ट बोलतो, त्याला सर्दीही नाही. त्याच्यावर माझा मुळीच राग नाही. राग आहे तो त्या हसण्यावर.

परवा मेतोदीकाका आमच्याकडे बसून खेळत खेळत, खेळ जिथवर बनला होता तिथवर पोहोचले. नावाडी नदीच्या शेवटच्या वळणाला लागला आणि नवा आवाज खणखणीत बोलला, "पुढचा भाग लवकरच."

"अगं, भाऊ सापडतो की नाही?" काकांनी विचारलं.

"काका, ते लिहायच्या वेळात मी आवाज बनवत बसले," व्हेसेला म्हणाली. काकांनी चाचपडत यंत्र बंद केलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी असं यंत्र बनवेल, ज्यावर इतरांची पोटं आणि स्वप्नं अवलंबून असतील. गुपितं खुशाल ठेवा. पण कुणी दारात येऊन विचारलं, तर हसू नका. 'हे आम्ही करतोय, तुम्ही नका करू,' एवढं म्हणा. तेवढ्या एका वाक्यानं मी जन्मलोच नसतो, आणि काकांना त्यांच्या गोष्टीचा शेवट मिळाला असता.